मालकाविना सत्ता

जर्मनीतील ऑयगेन रोचको यांनी २०१६ साली सुरू केलेल्या ‘मॅस्टोडॉन’ला एक मालक नाही, हजारो स्वतंत्र सर्व्हर मिळून ते समाजमाध्यम बनते. प्रत्येक सर्व्हरचे नियम त्याचा अ‍ॅडमिन ठरवतो. जुलै २०१९मध्ये अतिउजव्यांत लोकप्रिय असलेले ‘गॅब’ हीच आज्ञावली घेऊन या जाळ्यात उतरले. आज्ञावली सर्वांना मुक्त असल्याने त्याला रोखणे निर्मात्याच्याही हाती नव्हते. अनेक अ‍ॅडमिननी मात्र आपापल्या सर्व्हरपुरता गॅबशी संबंध तोडला आणि ते एकाकी पडले.

हे हत्यार दुधारी आहे. दोन अ‍ॅडमिनचे बिनसले आणि एकाने दुसऱ्याचा सर्व्हर तोडला, की दोन्हीकडच्या निरपराध सदस्यांचा संपर्क तुटतो. मालक नसला तरी सत्ता उरतेच. सदस्याला अनुयायांसह दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवता येते, हाच तिच्यावरचा अंकुश. जुने लेखन मात्र मागेच राहते.