विश्लेषण : स्वमग्न मुलासाठी बालवाडीचा वर्ग कसा निवडावा?

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे डॉक्टर सांगतात आणि घरी परतताना गाडीतच प्रश्न निघतो, आता याच्या शाळेचे काय? पोलादपूर, महाडसारख्या तालुक्यांत हा प्रश्न अधिक अवघड होतो. तज्ज्ञ आणि विशेष शाळा प्रामुख्याने शहरांत, घर मात्र डोंगरातल्या वाडीत. मुंबई गाठायची, महाडची खासगी बालवाडी धरायची की वाडीतलीच अंगणवाडी? वर्ग निवडताना काय पाहायचे आणि मदत कोणाकडे मागायची, याचा हा आढावा.

या वयातील वर्गाला एवढे महत्त्व का?

स्वमग्नता हा साथीचा वा औषधाने बरा होणारा आजार नव्हे. मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. काही मुले नावाने हाक मारली तरी वळत नाहीत, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाहीत, खेळण्यातल्या गाडीचे चाकच फिरवत बसतात. काहींना आवाज किंवा स्पर्श सहन होत नाही. काही मुले भरपूर बोलतात, पण समोरच्याशी संवाद जुळत नाही.

‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणून घरातली मोठी माणसे धीर देतात. त्या धीरात वर्ष-दीड वर्ष निघून जाते. तीन ते सहा हे वय भाषा, खेळ आणि चारचौघांत राहण्याची सवय लागण्याचे असते. त्यामुळे ‘बोलायला लागला की शाळेत घालू’ हा क्रमच उलटा आहे. बोलणे, मागणे, थांबणे, पाळी येईपर्यंत वाट पाहणे हे शिकायलाच मुलाला वर्ग हवा असतो.

पोलादपूर-महाडमध्ये अडचण नेमकी कोणती?

अंतर आणि पाऊस. पोलादपूर तालुक्यातील वाड्या सह्याद्रीच्या उतारांवर विखुरलेल्या आहेत. एका बाजूला कशेडी, दुसऱ्या बाजूला आंबेनळी घाट. महाड वीसेक किलोमीटरवर, तर जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर अलिबागला. जुलै २०२१ मध्ये महाडमधील तळिये आणि पोलादपूरमधील केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. पावसाळ्यात रस्ता कधी बंद होईल याचा नेम नसतो, आणि शाळेचे वर्षही नेमके तेव्हाच सुरू होते.

बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईत चाकरमानी असतेच. मग आई आणि मूल मुंबईच्या खोलीत, बाकी घर गावाला, असा तोडगा निघतो. निदान आणि सुरुवातीच्या मार्गदर्शनासाठी शहर गाठणे गरजेचेच असते. पण कायमचे बिऱ्हाड हलवण्याआधी हिशेब मांडायला हवा. आजी-आजोबा, ओळखीचे अंगण, सवयीची माणसे हा या मुलांचा मोठा आधार असतो. आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचा उपचार आणि उरलेला वेळ बंद खोलीत मोबाइलसमोर, असे होणार असेल तर स्थलांतराचा उपयोग किती, हा प्रश्न उरतो.

विशेष शाळा की सर्वसाधारण बालवाडी?

याचे सगळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. विशेष शाळेत मुले कमी आणि प्रशिक्षित शिक्षक असतात. मूल स्वतःला इजा करत असेल, सोबत अपस्मारासारखी अडचण असेल किंवा त्याच्यासाठी सतत एक माणूस लागत असेल, तर असा वर्ग उपयोगी पडतो. सर्वसाधारण बालवाडीत किंवा अंगणवाडीत बरोबरीची मुले असतात. ती कशी खेळतात, खाऊ कसा मागतात, भांडून पुन्हा कशी एकत्र येतात, हे पाहायला मिळते. मात्र मुलाला नुसते कोपऱ्यात बसवून ठेवले तर तो समावेश होत नाही. तिसरा मार्ग मधला आहे. रोज दोन तास गावातली अंगणवाडी आणि महिन्यातून एकदा तज्ज्ञांची भेट, असा मेळ अनेक कुटुंबांना पेलू शकतो.

भाषेचाही विचार हवा. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता वाढते, असे संशोधनात आढळलेले नाही. तरीही ज्या मुलाला घरच्या मराठीतली सूचनाही अजून पुरती कळत नाही, त्याला केवळ प्रतिष्ठेपोटी इंग्रजी माध्यमात घालणे म्हणजे एका अडचणीत दुसरी भर टाकणे होय.

वर्गात काय पाहावे?

इमारत आणि भिंतीवरची रंगीत चित्रे पाहून निर्णय घेऊ नये. वर्ग चालू असताना अर्धा तास बसायला मिळावे, अशी विनंती करावी. त्या अर्ध्या तासात पुढील गोष्टी कळतात.

दिवसाचा क्रम : गाणी, खेळ, खाऊ, घरी जाणे हे रोज त्याच क्रमाने होते का? पुढे काय होणार हे माहीत असेल तर स्वमग्न मूल शांत राहते. तोच क्रम चित्रांत मांडून भिंतीवर लावला तर आणखी सोपे. चप्पल, चटई, ताट, दप्तर अशा चार फोटोंचे वेळापत्रक मोबाइल आणि झेरॉक्सच्या दुकानातून तयार होते.

आवाज : एकाच खोलीत पंचवीस मुले, शेजारी कुकरची शिट्टी आणि वर पत्र्यावर कोसळणारा पाऊस, हे सगळे एकदम सहन होणे कठीण. पत्र्याचे छप्पर असेल तर मुसळधार पावसात मूल कुठे बसेल? चटई आणि पडदा लावलेला एखादा शांत कोपरा करता येईल का? तो कोपरा शिक्षेचा नसावा.

सुरक्षितता : काही स्वमग्न मुले कोणाला न सांगता निघून जातात आणि पाण्याकडे त्यांचा ओढा असतो. मुंबई-गोवा महामार्ग, ओढा, विहीर किंवा सावित्रीचे पात्र जवळ असेल तर दाराला वरच्या बाजूने कडी आहे का, हे आधी पाहावे.

खाणे आणि शौचालय : खिचडीचा वास किंवा मऊपणा नकोसा वाटणारी मुले असतात. घरचा डबा चालेल का? शौचालयाची सवय लागलेली नसेल तर मदतनीस सांभाळेल का?

शिक्षिकेला कोणते प्रश्न विचारावेत?

पदवीपेक्षा उत्तरांतून अधिक समजते. मूल रडायला लागले तर काय करता? बोलता येत नसेल तर त्याला पाणी हवे हे कसे कळेल? पहिले काही दिवस आई वर्गात बसली तर चालेल का? ‘असे मूल कधी सांभाळले नाही, पण तुम्ही सांगा, मी करून पाहते,’ हे उत्तर आश्वासक मानावे. ‘आमच्याकडे आला की सहा महिन्यांत बरा होईल,’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. पालकांना वर्गात डोकावूच न देणारी, मुलाला बांधून किंवा मारून ‘वळण’ लावणारी जागा तर विचारातच घेऊ नये.

शिक्षिकेला घरच्यांनीही मदत करायची असते. मुलाला काय आवडते, कशाने तो बिथरतो, कशाने शांत होतो आणि खुणेने काय मागतो, एवढे एका पानावर लिहून दिले तरी पहिला आठवडा सुकर होतो. चित्रे किंवा खुणा वापरल्या तर मूल बोलणारच नाही, ही भीती मात्र निराधार आहे. संवादाचा मार्ग सापडला की चिडचिड कमी होते.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून स्वमग्नता त्यात आहे. कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या वा मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात, असे अपेक्षित आहे. मोफत शिक्षणाचा हक्क देणारे कलम ३१ मात्र ६ ते १८ वयोगटासाठी आहे. म्हणजे ज्या तीन वर्षांत मदतीची सर्वाधिक गरज, त्याच वर्षांसाठी हमी तोकडी पडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला असला, तरी खेड्यापाड्यांत या वयाचा मुख्य आधार अंगणवाडीच आहे.

मदत कुठे मिळू शकते?

पहिला दुवा अंगणवाडी सेविका आणि आशा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून झाली. त्याची फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. पथक कधी येणार हे विचारून त्या दिवशी मुलाला हजर ठेवावे आणि शंका स्पष्ट सांगावी. पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद या कार्यक्रमात आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी स्वतंत्र अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. लवकर ओळख, अंगणवाडीत समावेश आणि कुटुंबाला आधार हे तिचे मुख्य मुद्दे आहेत. त्यामुळे ‘अशी मुले आमच्याकडे नसतात’ असे उत्तर मिळाले, तर पर्यवेक्षिका किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करता येतो.

समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांबाबत तालुक्याच्या गटसाधन केंद्रात चौकशी करावी. बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र रायगड जिल्ह्यातच खारघरला आहे. महामार्गाने जाणाऱ्या पोलादपूरकरांना ते मुंबईच्या अलीकडे पडते.

प्रमाणपत्रासाठी भारतीय मोजपट्टीवर मुलाचे मूल्यमापन होते. त्यात ४० मुद्दे असून ७० किंवा अधिक गुण आल्यास स्वमग्नता मानली जाते. स्वावलंबन कार्ड काढले की राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. काही पालकांना हे कार्ड म्हणजे मुलावरचा शिक्का वाटतो. मात्र ते नसेल तर या योजनांची दारे उघडत नाहीत.

निवड चुकली तर?

पहिले दोन-तीन आठवडे रडण्यात गेले म्हणून वर्ग चुकीचा ठरत नाही. सुरुवात रोज अर्ध्या तासाने करून वेळ हळूहळू वाढवावा. तीन महिन्यांनी शिक्षिकेसोबत बसून आढावा घ्यावा. मूल दार ओलांडताना पूर्वीपेक्षा शांत आहे का, एखाद्या मुलाशेजारी बसते का, एखादी नवी खूण वा शब्द घरी घेऊन आले का? झोप उडाली, खाणे सुटले, अंगावर वळ दिसले किंवा आलेले शब्दही गेले, तर वाट न पाहता वर्ग बदलावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

अशी पाहणी पालकांनी जूनची वाट न पाहता उन्हाळ्यापूर्वीच करावी. तेव्हा रस्ते उघडे असतात, वर्ग चालू असतात आणि सेविकेलाही बोलायला सवड असते. मुलाला मे महिन्यात दोन-चारदा ती खोली, तो दरवाजा, ती चटई नुसती दाखवून आणली, तरी शाळेचा पहिला दिवस त्याच्यासाठी तितका अनोळखी राहत नाही.