माहिती चौकट : तळाच्या संघाला दार दाखवणारा हंगाम

इंग्लंड फुटबॉल, चौथा विभाग, १९८६-८७

आधी : वरच्या विभागांतली बढती आणि घसरण १८९८-९९ पासून गुणांवर ठरत होती. चौथ्या विभागातून मात्र कोणी आपोआप बाहेर जात नसे. शेवटच्या चार संघांना सदस्य क्लबांची मतं मागावी लागत. धोका तेव्हाही होता, हे खरं. पण बहुतेकांची फेरनिवड होई, कारण निकाल मैदानावर नव्हे, मतदानात लागे.

बदल : या हंगामापासून शेवटचा संघ थेट खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये. तिथला विजेता, मैदानाचे निकष पूर्ण केल्यास, वर. प्ले-ऑफही (बढतीसाठीचे जादा सामने) याच हंगामात सुरू.

- संघ २४, प्रत्येकी सामने ४६. विजयाला ३ गुण, बरोबरीला १.
- थेट बढती : नॉर्थॅम्प्टन (९९ गुण), प्रेस्टन, साउथएंड. प्ले-ऑफमधून ऑल्डरशॉट.

शेवटचा दिवस (९ मे १९८७) : १९२१ आणि १९६० चा इंग्लंड विजेता बर्नली तळाशी होता. त्यानं ओरिएंटला २-१ हरवलं. टॉर्की आणि लिंकनही धोक्यात होते. टॉर्कीच्या मैदानावर पोलिसांच्या कुत्र्यानं टॉर्कीच्याच खेळाडूला चावा घेतला. उपचारांमुळे वाढलेल्या वेळेत टॉर्कीनं २-२ बरोबरी साधली. लिंकन स्वान्सीत ०-२ हरला.

अंतिम गुण : बर्नली ४९, टॉर्की ४८, लिंकन ४८. गोलफरकानं लिंकन बाहेर, कॉन्फरन्स विजेता स्कार्बरो आत.

पुढे : घसरण म्हणजे शेवट नव्हे. लिंकन १९८८ मध्ये कॉन्फरन्स जिंकून परतला.