भिंतीवर फवारलेली अक्षरे : गिम्पमध्ये स्प्रे-पेंटचा परिणाम

मंडळाचे फलक, आमंत्रणपत्रिका आणि व्हॉट्सॲपवर फिरवायची चित्रे आता बहुतेक घरच्या संगणकावरच तयार होतात. युवा शाखेला त्यात हमखास हवी असतात ती भिंतीवर स्प्रेच्या डब्याने मारल्यासारखी अक्षरे. इंटरनेटवर याचे धडे भरपूर आहेत, पण ते सारे रोमन अक्षरांसाठी. देवनागरीला शिरोरेषा आहे, काना आहे, जोडाक्षरे आहेत. तिथे ते धडे अर्ध्यावर सोडून देतात. म्हणून हा लेख.

आम्ही 'गिम्प' हा प्रोग्राम वापरतो. तो पूर्णपणे मोफत आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ च्या सुमारास त्याची सुरुवात केली आणि आजही तो स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. त्यात युनिकोड मराठी थेट टंकता येते आणि जोडाक्षरे फुटत नाहीत. फोटोशॉप असेल तर तेही चालेल. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडलेला आहे ना, ते आधी पाहावे.

परिणामाआधी अक्षराचे बघू, कारण आमच्या मते खरी गोम तिथेच आहे. इंदुरात छपाईचे काम बहुतेक हिंदीच्या सवयीने चालते. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठीची रूपे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयातही तीच मान्य आहेत. हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये ती मिळत नाहीत. युनिकोडच्या लेखी दोन्ही 'ल' एकच, दिसायचे कसे ते फॉन्ट ठरवतो. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे भरलेली असतात, तिथे गिम्पच्या टेक्स्ट टूलमध्ये 'लँग्वेज' या ठिकाणी मराठी निवडून पाहावे. तसाच 'ऱ्य'. फलकावर 'आचार्यांचा सत्कार' आणि 'आचाऱ्यांचा सत्कार' यांत किती अंतर आहे ते सांगायला नको. दोघांचाही व्हावा, पण ज्याचा असेल त्याचाच. आपली बरीच मुले हिंदी किंवा इंग्रजी शाळांत जातात. मोठ्या अक्षरातले मराठी त्यांना गणेशोत्सवाच्या फलकावरच काय ते दिसते. ते तरी नीट असावे.

फॉन्ट जाड घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'बलू' आणि 'मुक्त' हे फॉन्ट मोफत मिळतात. त्यांतला 'बलू' फवाऱ्याला फार शोभतो. बारीक, टोकदार अक्षरे फवारली की त्यांचा चिखल होतो.

आता फवारा म्हणजे काय ते समजून घेऊ. रंगाचा असा डबा पहिल्यांदा बनवला एडवर्ड सेमूर या अमेरिकन गृहस्थाने, १९४९ साली. डब्यातल्या दाबाने रंगाचे बारीक थेंब शंकूच्या आकारात बाहेर पडतात. मधोमध ते दाट पडतात, कडेला विरळ. कडेला रंग फिका झालेला दिसतो, पण एकेक थेंब फिका नसतो. थेंब एक तर भिंतीवर आहे किंवा नाही. फक्त त्यांची संख्या घटत गेलेली असते. हे ध्यानात आले की नुसते 'ब्लर' केलेले अक्षर स्प्रेसारखे का दिसत नाही ते कळते. ते धुक्यासारखे दिसते, कारण त्यात अर्धे-मुर्धे थेंब असतात.

गिम्पमध्ये यावर नेमका इलाज आहे : लेयरचा 'डिझॉल्व्ह' मोड. अर्धपारदर्शक भागाचे रूपांतर तो सुट्या ठिपक्यांत करतो. ५० टक्के पारदर्शक जागेत साधारण निम्मे ठिपके राहतात, निम्मे जातात. म्हणजे आधी ब्लर, मग डिझॉल्व्ह.

प्रत्यक्षात असे करावे. २४०० बाय १२०० पिक्सेलचे नवे चित्र उघडून खालच्या लेयरवर भिंतीचा फोटो ठेवावा. घराच्या गच्चीची सिमेंटची भिंत मोबाइलवर टिपली तरी पुरते. ऊन तिरपे असताना टिपली तर खडबडीतपणा छान येतो. वर मजकूर टंकावा, अक्षरांची उंची सुमारे ५०० पिक्सेल. या लेयरच्या दोन प्रती काढाव्या आणि मूळ लेयर डोळ्याचे चिन्ह दाबून झाकून ठेवावा. ऐन वेळी तारीख बदलते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. दोन्ही प्रतींना 'लेयर टू इमेज साइझ' द्यावे, नाहीतर ब्लर चौकटीशी कापला जातो.

खालची प्रत म्हणजे धुरळा. तिला 'गॉशियन ब्लर' सुमारे ४५ द्यावा, मोड डिझॉल्व्ह, ओपॅसिटी ५० च्या आसपास. वरची प्रत म्हणजे अक्षर. तिला ब्लर फक्त ४, आणि मग फिल्टर्समध्ये 'नॉइज'खाली असलेला 'स्प्रेड' ५ ते ६. स्प्रेड पिक्सेल इकडेतिकडे विखुरतो, त्यामुळे कड दाणेदार होते. आकडे पाळलेच पाहिजेत असे नाही. डबा भिंतीपासून लांब धरलाय असे दाखवायचे तर ब्लर वाढवावा, जवळ धरलाय तर कमी करावा.

हाताने मारलेला रंग कधी एकसारखा बसत नाही. त्यासाठी अक्षराच्या लेयरला पांढरा 'लेयर मास्क' जोडून त्यावर 'रेंडर'मधला 'सॉलिड नॉइज' चालवावा आणि 'लेव्हल्स'ने त्यातला काळा भाग बराच उजळ करावा. मग अक्षरात कुठे दाट, कुठे पातळ असे डाग येतात. शेवटी लेयरचा मोड 'मल्टिप्लाय' केला की भिंतीचे खडे रंगातून दिसू लागतात. हे गडद रंगांसाठी. पांढरा किंवा पिवळा रंग मल्टिप्लायमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. तिथे 'हार्ड लाइट' वापरून पाहावे.

ओघळ हा सगळ्यांचा आवडता भाग आणि बहुतेक बिघडतो तोही इथेच. ओघळ येतो जिथे हात रेंगाळतो आणि रंग साचतो तिथे. देवनागरीत ती जागा म्हणजे कान्याचे खालचे टोक, उकाराचे वळण, जोडाक्षराचा सांधा. शिरोरेषेवरून झालरीसारखे ओघळ सोडले की अक्षर वाचता येत नाही आणि ते भुताच्या सिनेमाचे पोस्टर वाटते. १० ते १२ पिक्सेलचा कडक कडेचा ब्रश घ्यावा, एकदा टिचकी मारून शिफ्ट धरून खाली दुसरी टिचकी मारावी, सरळ रेघ येते. टोकाला किंचित मोठा ठिपका द्यावा. सबंध ओळीत तीन-चार ओघळ पुष्कळ झाले.

याच कामाचा एक भाऊबंद म्हणजे स्टेन्सिल. बँकेच्या नोकरीत तारण मालाच्या गोदामांवर आणि पेट्यांवर अशी अक्षरे आम्ही खूप पाहिली आहेत. त्यात पत्रा कापलेला असतो, म्हणून 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातला तुकडा गळून पडू नये यासाठी बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. शिरोरेषेमुळे 'प' आणि 'म' यांची पोटेही बंद होतात, हे रोमन अक्षरांना ठाऊक नसलेले दुखणे. तेव्हा दर अक्षरात शिरोरेषा इरेजरने १५ पिक्सेल तोडावी. स्टेन्सिलला ब्लर नको. 'अल्फा टू सिलेक्शन' करून नव्या लेयरवर 'एअरब्रश' फिरवावा. माउस दाबून ठेवला की रंग साचत जातो, अगदी डब्यासारखा. धुरळा मात्र अक्षराला चिकटून नसतो, पत्र्याच्या चौकटीच्या बाहेर असतो.

काम एक्ससीएफमध्ये जतन करावे आणि प्रेसला पीएनजी निर्यात करून द्यावे. याचा आणखी एक फायदा आहे. युनिकोडमधला मजकूर प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये टाकला की अक्षरांची वाट लागते. चित्रातल्या 'ळ'ला कोणी हात लावू शकत नाही. सहा फुटी फ्लेक्स असेल तर इंचाला ७२ पिक्सेल धरून ५१८४ पिक्सेल रुंदी लागते, तेव्हा सुरुवातच त्या मापाने करावी आणि वरचे आकडे दुपटीने घ्यावे. छापायला देण्याआधी एकच अक्षर खऱ्या मापात साध्या ए-चार कागदांवर तुकड्यातुकड्याने छापून भिंतीला लावावे आणि दहा पावले मागे जाऊन वाचून पाहावे.