समईचा पिवळा, जमिनीचा तपकिरी

देवघरातल्या पितळी समईचा रंग कोणता, असे विचारले तर आपण ‘पिवळा’ म्हणू. पण सकाळच्या उजेडात ती फिकट दिसते आणि वात लावली की नारिंगीकडे झुकते. मग तिचा स्वतःचा रंग किती आणि उजेडाने उसना दिलेला किती? संगणकावर हुबेहूब दृश्य उभे करणाऱ्यांपुढचा मूळ प्रश्न हाच आहे.

पूर्वी हे रंग नजरेने ठरवत. दिवसाच्या दृश्यात शोभणारा तांब्या रात्रीच्या दृश्यात प्लॅस्टिकचा वाटे. २०१२मध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी मोजक्या मापांत पदार्थाचे वर्णन करण्याची पद्धत मांडली आणि ती रूढ झाली. पृष्ठभागाचा मूळ रंग, तो धातू आहे की नाही, त्याचा खरखरीतपणा ही त्यांतली मुख्य मापे.

यामागचे गणित जुने, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेनेलचे. पदार्थाचा अपवर्तनांक ठाऊक असला की समोरून पडलेल्या उजेडापैकी किती परत फिरतो ते काढता येते. पाण्यावरून सुमारे २ टक्के, साध्या काचेवरून ४, हिऱ्यावरून १७. सोने तांबडा उजेड जवळजवळ सगळा परतवते, निळा मात्र जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणून ते पिवळे. पितळेचे एकच मान सांगता येत नाही, कारण तांबे-जस्ताचे प्रमाण बदलले की रंग बदलतो.

अशी माने ‘फिजिकली बेस्ड’ या खुल्या कोशात एकत्र मिळतात. ती कोणीही, विनापरवानगी, विनाशुल्क वापरावीत. माझ्यासारख्या कोणत्याही संस्थेत नसलेल्या माणसाला हा मोठाच आधार. सोने, कोळसा, दूध, मध तिथे आहेत. शेणाने सारवलेली जमीन मात्र मला सापडली नाही.

ती मी शोधत होतो, कारण पनवेलमधले आमचे कौलारू घर पाडल्यावर मला ते संगणकावर उभे करायचे होते. फोटो भरपूर होते. पण फोटोत जमीन आणि तिच्यावर पडलेला उजेड एकजीव झालेले असतात. दुपारच्या उन्हातली ओटी आणि पिवळ्या बल्बखालचे माजघर एकाच शेणाने सारवलेले, तरी फोटोत दोन वेगळ्या जमिनी. कोणती खरी, हे आता सांगता येत नाही.

वेळीच ठाऊक असते तर उपाय स्वस्त होता. छायाचित्रकारांचे राखाडी कार्ड १८ टक्के उजेड परतवते. सावलीत, एकसारख्या उजेडात, ते जमिनीवर ठेवून फोटो काढायचा. कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये जमीन कार्डाच्या दोन तृतीयांश उजळ आढळली, तर तिचे मान १२ टक्के. तांबडा, हिरवा, निळा यांचा हिशेब वेगवेगळा करायचा. ओली आणि वाळलेली जमीन वेगवेगळी नोंदवायची; ओली अधिक गडद आणि चकचकीत असते.

विमानतळासाठी आमच्या तालुक्यातली चिंचपाडा, कोपर, कोल्ही ही गावे उठली. शहरातली कौलारू घरेही एकेक करून जात आहेत. घराचे मोजमाप नकाशात उरते, जमिनीचा रंग उरत नाही. आता कोणाकडे सारवलेली ओटी आहे असे कळले की मी कार्ड घेऊन जातो. आतापर्यंत तीन घरे झाली. आमचे त्यांत नाही.