ख्रिस्ती धर्मविचारातील ईश्वराचे शाश्वतत्व : सर्वकालिकता की कालातीतता?

प्रस्तावना

ईश्वर शाश्वत आहे, हे विधान रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट या तिन्ही प्रमुख ख्रिस्ती परंपरांना मान्य आहे. मतभेद आहेत ते या विधानाच्या अर्थाविषयी. ज्याला आरंभ नाही आणि अंत नाही, परंतु जो क्षणामागून क्षण असा काळातच अस्तित्वात असतो, तो ईश्वर शाश्वत म्हणावयाचा? की भूत, वर्तमान, भविष्य हे भेदच ज्याला लागू पडत नाहीत, तो? पहिल्या अर्थाने ईश्वर सर्वकालिक ठरतो, दुसऱ्या अर्थाने कालातीत. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. तथापि प्रार्थनेला प्रतिसाद मिळतो म्हणजे काय होते आणि मानवाची कृती खरोखर स्वतंत्र असते का, या प्रश्नांची उत्तरे या निवडीनुसार बदलतात.

बायबलमधील शब्दप्रयोग

जुन्या करारात या संदर्भात येणारा हिब्रू शब्द ‘ओलाम’ हा होय. त्याचा रोख दूरवरच्या, दृष्टीच्या टप्प्यापलीकडील काळाकडे असतो; मग तो काळ मागचा असो वा पुढचा. ईश्वराविषयी हा शब्द येतो, तसाच तो निर्गमच्या 21व्या अध्यायात स्वखुशीने धन्याकडे राहणाऱ्या दासाच्या सेवेविषयीही येतो. तेथे त्याचा अर्थ फार तर ‘आयुष्यभर’ एवढाच होऊ शकतो. नव्या करारातील ‘आयोनिऑस’ हे ग्रीक विशेषणही असेच लवचीक आहे.

ऑस्कर कुलमान यांनी 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्त आणि काळ’ या जर्मन ग्रंथात असे प्रतिपादन केले, की बायबलला कालातीतता ठाऊकच नाही. तेथील शाश्वतता म्हणजे अमर्याद लांबलेला काळ, आणि कालातीत ईश्वर ही ग्रीक तत्त्वज्ञानाची देणगी होय. जेम्स बार यांनी 1962 मध्ये या पद्धतीवरच आक्षेप घेतला. शब्दांच्या अर्थच्छटांवरून एखाद्या समाजाचे काळाविषयीचे तत्त्वज्ञान सिद्ध करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते ग्राह्य वाटते. ‘ओलाम’च्या वापराने कालातीतता सिद्ध होत नाही आणि खोडलीही जात नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायात येशू अब्राहामाविषयी भूतकाळी आणि त्याच्याही पूर्वीच्या आपल्या अस्तित्वाविषयी वर्तमानकाळी क्रियापद वापरतो, ही गोष्ट मात्र कुलमान यांच्या चौकटीत सहजासहजी बसत नाही.

निकायाची परिषद

कालातीततेची गरज केवळ ग्रीक विचारातून आली, हे मत आणखी एका कारणाने अपुरे ठरते. चौथ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील धर्मगुरू आरियस याने, पुत्र नव्हता अशी एक अवस्था होती, असा पक्ष मांडला. त्याने येथे ‘काळ’ हा शब्द कटाक्षाने टाळला होता, हे विशेष. पुत्राची उत्पत्ती सर्व युगांपूर्वीची आहे, हे त्यालाही मान्य होते. इ.स. 325 मध्ये निकाया येथील परिषदेने हा पक्ष नाकारला. या निर्णयाला 2025 मध्ये 1700 वर्षे पूर्ण झाली. पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, परंतु त्या जन्माला ‘पूर्वी’ नाही, असे मानावयाचे, तर जन्म या शब्दातील कालक्रम काढून टाकावा लागतो. म्हणजे कालक्रमाविना असलेला संबंध ही कल्पना ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातूनच पुढे आली.

ऑगस्टिन ते ॲक्वायनस

विश्व निर्माण करण्यापूर्वी ईश्वर काय करीत होता, हा प्रश्न ऑगस्टिनने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात हाताळला आहे. असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी तो नरक तयार करीत होता, हे एकाचे विनोदी उत्तर तो नोंदवतो, पण स्वीकारीत नाही. काळ हा विश्वाबरोबरच निर्माण झाला. म्हणून निर्मितीच्या ‘पूर्वी’ असे काही नव्हते, हे त्याचे उत्तर. भारतीय दर्शनांच्या अभ्यासकाला येथील वेगळेपण चटकन जाणवेल. वैशेषिक दर्शनाच्या नऊ द्रव्यांमध्ये काळ हे स्वतंत्र, नित्य आणि विभू द्रव्य आहे; परमाणूही नित्यच आहेत. तेथे नित्यत्व ही अनेक पदार्थांना समान असलेली गोष्ट आहे. ऑगस्टिनच्या मते ती एकट्या ईश्वराची आहे, आणि काळ निर्मित वस्तूंच्या बाजूला पडतो.

या विचाराला नेमकी व्याख्या दिली ती बोएथियसने. राजद्रोहाच्या आरोपावरून थिओडोरिक राजाच्या बंदिवासात, इ.स. 524च्या सुमारास झालेल्या देहदंडापूर्वी त्याने ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ हा ग्रंथ लिहिला. (या ग्रंथात ख्रिस्ताचा उल्लेखही नाही, याचे नवल अभ्यासकांना आजही वाटते.) त्याच्या मते शाश्वतता म्हणजे न संपणारे आयुष्य नव्हे. अमर्याद जीवन संपूर्णपणे आणि एकाच वेळी हाती असणे, ही शाश्वतता. आपले जीवन तुकड्यातुकड्यांनी मिळते; कालचे हातचे गेलेले असते, उद्याचे आलेले नसते. हा उणेपणा ईश्वराच्या ठिकाणी नाही. म्हणून ईश्वर भविष्य ‘आधीच’ जाणतो हे म्हणणेही चुकीचे. तो ते पाहतो. चालणारा माणूस पाहिल्याने त्याला चालणे भाग पडत नाही, तसे ईश्वराच्या पाहण्याने मानवी स्वातंत्र्य नष्ट होत नाही. तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनसने हीच भूमिका उंचावरून संपूर्ण वाट पाहणाऱ्याच्या दृष्टांताने विशद केली. वाटसरूला मागून येणारे दिसत नाहीत, वर उभ्या असलेल्याला सगळे एकदम दिसतात.

हा दृष्टांत सुंदर असला तरी प्रश्न पुरता सोडवीत नाही. ईश्वराचे कालातीत ज्ञान बदलणे मानवाच्या हाती नसेल, तर ते पूर्वज्ञान असो वा नित्यज्ञान, अडचण थोडीफार तीच राहते.

हिज्कीयाची प्रार्थना

खरी कसोटी प्रार्थनेच्या ठिकाणी लागते. दुसरे राजे या पुस्तकाच्या 20व्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यहूदाचा राजा हिज्कीया आजारी असता संदेष्टा यशया त्याला मरणाची वार्ता देतो. राजा भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो व रडतो. यशया राजवाड्याच्या मधल्या चौकातून बाहेर पडतो न पडतो, तोच त्याला परत जाण्याची आज्ञा होते आणि राजाच्या आयुष्यात 15 वर्षांची भर पडते. येथे क्रम आहे : निर्णय, विनवणी, नवा निर्णय. कालातीत ईश्वराच्या ठिकाणी हा क्रम कोठे बसवावयाचा?

ॲक्वायनसचे उत्तर असे, की प्रार्थना ईश्वरी योजना बदलण्यासाठी नसते. जे प्रार्थनेद्वारे घडावे असे ईश्वराने योजिले आहे, ते प्राप्त व्हावे म्हणून ती असते. म्हणजे राजाचे अश्रू व ती 15 वर्षे ही एकाच संकल्पाची दोन अंगे. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. परंतु पहिली वार्ता मग कोणत्या अर्थाने खरी होती, हे त्यातून उलगडत नाही.

निकोलस वोल्टरस्टोर्फ यांनी 1975 मध्ये नेमकी हीच बाजू उचलली. उद्धार करणारा, वचन देणारा आणि ते पाळणारा ईश्वर कृतींमागून कृती करतो. म्हणून तो काळातच असला पाहिजे, मात्र आदि-अंताविना. अँथनी केनी यांचा 1969 मधील आक्षेप तर अधिकच बोचरा आहे. प्रत्येक क्षण अखंड शाश्वततेशी समकालीन असेल, तर रोम जळत असतानाचा क्षण आणि आजचा क्षण हेही परस्परांशी समकालीन ठरतील! एलिओनोर स्टंप आणि नॉर्मन क्रेट्झमन यांनी 1981 मध्ये यावर उत्तर दिले. शाश्वत आणि कालिक यांच्यातील समकालीनता वेगळ्या प्रकारची असून, दोन क्षण एकाच शाश्वततेशी समकालीन असले तरी त्यावरून ते एकमेकांशी समकालीन ठरत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. विल्यम लेन क्रेग यांनी मधला मार्ग सुचविला : निर्मितीविना ईश्वर कालातीत, निर्मितीबरोबर कालिक. या तोडग्यात दोन्ही पक्षांच्या अडचणी थोड्याथोड्या उरतात, असेच म्हणावे लागते.

मराठीतील प्रतिशब्द

मराठी बायबलमध्ये ‘आयोनिऑस’साठी ‘सार्वकालिक’ हा शब्द रूढ आहे. शब्दाची घडणच काळाच्या विस्ताराकडे नेणारी असल्याने ‘सार्वकालिक जीवन’ म्हणजे मरणोत्तर, न संपणारे आयुष्य असाच अर्थ वाचकाच्या मनात उभा राहतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात मात्र हे जीवन ईश्वराला ओळखण्यात आहे असे म्हटले आहे, आणि 5व्या अध्यायानुसार विश्वास ठेवणाऱ्याला ते आजच प्राप्त झालेले असते. बोएथियसच्या व्याख्येतही भर लांबीवर नसून जीवनाच्या पूर्णतेवर आहे. ‘नित्य’ किंवा ‘सनातन’ हे पर्याय घेतले, तर दर्शनशास्त्रातील व धर्मपरंपरेतील त्यांचे निराळे अर्थ बरोबर येतात. त्यामुळे रूढ शब्द तसाच ठेवून, तो कोणत्या संदर्भात विस्तार सुचवितो आणि कोणत्या संदर्भात पूर्णता, हे त्या त्या उताऱ्यापाशी सांगावे लागते.