लंडनचा ‘पंच’ आणि मुंबईचा पंचोबा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील उपहासचित्रे सुटी छापून विकली जात. जेम्स गिलरे (१७५६–१८१५) याने या काळात अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्यातील वा अंगकाठीतील एखादी खूण मुद्दाम वाढवून माणसाचा स्वभाव उघडा पाडणारे चित्र, परिणतीस नेले. परंतु तांब्याच्या पत्र्यावर कोरून हाताने रंगवलेली ही चित्रे महाग असल्याने त्यांचा ग्राहकवर्ग मर्यादित होता. १७ जुलै १८४१ रोजी लंडनमध्ये ‘पंच’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि उपहासचित्र मजकुराच्या जोडीने मध्यमवर्गाच्या घरात पोहोचले.

हा बदल लाकडी ठशामुळे शक्य झाला. चित्रकार कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर पेन्सिलीने उलटे चित्र काढी, कोरीवकार रेषांमधली पांढरी जागा खोदून काढी आणि उंच राहिलेल्या रेषा शिशाच्या अक्षर-खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापल्या जात. ‘पंच’चा चित्रकार जॉन टेनियल याची ठाम, पुतळ्यासारखी रेषा या तंत्रातूनच घडली. मात्र २२ ऑगस्ट १८५७ च्या त्याच्या चित्रात स्त्री व बालकावर बसलेल्या बंगाली वाघावर ब्रिटिश सिंह झेप घेतो; येथे उपहास मागे पडून सुडाचे आवाहन उरते आणि भारतातील १८५७ च्या उठावामागची कारणे चित्राबाहेरच राहतात.

उपहासचित्राचे हेच हत्यार मुंबईने आपल्या हाती घेतले. १८५४ मध्ये येथे ‘पारशी पंच’ निघाले, त्याचेच पुढे ‘हिंदी पंच’ झाले आणि बरजोरजी नवरोजी यांच्या संपादनाखाली गुजराती व इंग्रजी मजकुरासह काँग्रेस, सरकार आणि नगरपालिका यांच्यावर चित्रांतून भाष्य होऊ लागले. लंडनच्या पंच या विनोदी पात्राचा येथे पंचोबा झाला. चित्राची मांडणी विलायती राहिली तरी पाहणारा डोळा हिंदी झाला, हे या परंपरेचे खरे महत्त्व होय.

मराठीत शं. वा. किर्लोस्करांनी मासिकांतून व्यंगचित्राला स्थान दिले. डेव्हिड लो या लंडनमधील व्यंगचित्रकाराचा प्रभाव पचवून बाळ ठाकरे यांनी १९६० मध्ये ‘मार्मिक’ हे साप्ताहिक काढले. तर वसंत सरवटे यांनी ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ज्या टोपणनावाने लिहीत त्या ‘ठणठणपाळ’ला हातोडाधारी रूप देऊन साहित्यव्यवहारावरील टीकेला चेहरा मिळवून दिला. सरवट्यांचे चित्र मजकुराची पुनरुक्ती करत नाही, लेखकाने न लिहिलेले ते सांगते. म्हणून १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून चालत आलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत चित्रकाराचे स्थान सजावटकाराचे नसून सहलेखकाचे आहे. संपादकांनी अनुक्रमणिकेत त्याचे नाव लेखकाच्या बरोबरीने छापावे आणि ग्रंथालयांनी या अंकांची मुखपृष्ठे व चित्रे मजकुराइतक्याच काळजीने जतन करावीत.