झाली का शाकारणी?

मे महिना उतरणीला लागला की अलिबाग-रेवदंड्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या बाजारपेठांत पूर्वी एक प्रश्न हमखास कानी पडे : "काय हो, झाली का शाकारणी?" आता हा प्रश्न विरळ झाला आहे. तो विरळ व्हावा हे चांगले की वाईट, याचा थोडा विचार करू.

शाकारणी म्हणजे छपराची वार्षिक तपासणी. कौले उतरवायची, झाडायची, फुटकी वेगळी काढायची, कुजका वासा आणि वाळवी लागलेली रीप बदलायची, मग कौले पुन्हा लावायची. पूर्वी घरांवर कुंभाराचे नळे असत. मांजराच्या, माकडाच्या पायानेही ते सरकत. पुढे १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला नेत्रावतीकाठी कौलांचा कारखाना काढला. त्या कौलांना खाचा असल्यामुळे ती एकमेकांत अडकून बसतात. गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली आणि नळे मागे पडले. शाकारणी मात्र राहिली.

मग आला पत्रा. "एकदा घातला की वीस वर्षे बघायला नको," असे सांगणारे भेटले. मीही भुललो. कौले उतरवून पत्रे घातले. काम करणाऱ्याने ते नुसते खिळ्यांनी ठोकले, आणि मी शिकलेला माणूस, शिडी लावून वर पाहायलाही गेलो नाही! ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. माझे पाच पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. तेव्हा वाडीत कोणी नव्हते, हे नशीब.

आता तुम्ही म्हणाल, वादळात कौलेही गेलीच की! गेली; माड-पोफळी पडून तर पुष्कळ घरे मोडली. पण वाऱ्याची रीत समजून घ्या. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो. दार-खिडकी उघडली तर आत शिरलेली हवा खालून रेटते. छप्पर दबत नाही, उचलले जाते. कौलांच्या फटींतून हवा थोडीफार निसटते. पत्र्याला फट नाही; तो सैल असला तर सगळाच्या सगळा उडतो.

म्हणून पत्रा घालायचाच असेल, तर कारागिराला चार गोष्टी विचाराव्यात. खिळ्याऐवजी आकडीचा बोल्ट किंवा वायसर लावलेला स्क्रू आहे ना? नालीदार पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडले आहे ना? खोलगट भागातून पाणी वाहते, तिथे भोक पडले की गळती ठरलेली. वरचा पत्रा खालच्यावर निदान वीतभर चढवला आहे ना? आणि पत्रे घालायला सुरुवात कुठून? आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो; तेव्हा उलट टोकाकडून घालीत यावे, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याकडे उघडे राहत नाही.

दुकानदारांनी तर अधिक जपावे. घर गळले तर अंथरूण वाळवता येते. साखरेची नि सिमेंटची पोती वाळवता येत नाहीत. जुन्या गोदामांवर अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांवर थेट पाय देऊ नये. ते अचानक फुटतात आणि माणूस खाली येतो. आडवी फळी टाकूनच चढावे. ते कापू-फोडूही नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

शेवटी एकच सांगणे. कौल वाईट नाही, पत्राही वाईट नाही. शाकारणीमुळे वर्षातून एकदा जाणता माणूस छपरावर चढत असे. कुजलेला वासा त्यालाच दिसे. पत्रा आला आणि आपण त्या माणसाला बोलावणेच बंद केले. खारी हवा मात्र बारा महिने बोल्ट खात असते. तेव्हा वाचकहो, पत्र्यालाही शाकारणी असते. मेमध्ये त्या माणसाला बोलवा, त्याची मजुरी हात आखडून देऊ नका, आणि जमल्यास शिडी धरायला स्वतः उभे राहा.